पावडर सोडली तर आमच्यात काय उरेल?

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, नवरा ३४ चा. दोघंही आयटीत, राहायला वाकडला. लग्न बघून-ठरवून झालं, पण जमलं छान. फक्त मी फार लाजायचे, त्यामुळे रात्रीचं सगळं यथातथाच होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मित्रांबरोबर गोव्याला गेलो, तिथं पहिल्यांदा गांजा ओढला. त्या रात्री मी पहिल्यांदा मोकळी झाले, खोटं कशाला बोलू? मग घरीही शनिवारचा जॉइंट सुरू झाला. गेल्या वर्षभरात त्याच्या ग्रुपमधून एमडीची पावडर आली. ती घेतली की तो तासन्‌तास जवळ असतो, बोलतो, रडतोसुद्धा. पण ताठरता टिकत नाही, म्हणून मेडिकलमधून निळी गोळी आणतो. आता काहीच न घेता जवळ आलो तर त्याचं होत नाही आणि मलाही शेवटपर्यंत पोचता येत नाही. सहा महिन्यांत मला दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. मागच्या खेपेला मला नको होतं, तो म्हणाला थोडी घे, आणि घेतल्यावर मीही तयार झाले. त्याच रात्री त्याच्या छातीत धडधडायला लागलं, दरदरून घाम फुटला. सासऱ्यांची हार्टची गोळी, सॉर्बिट्रेट, घरात असते, ती द्यावी असं मनात आलं, पण तो म्हणाला, राहू दे, होईल कमी. मी आठ महिन्यांपासून एन्झायटीसाठी एस्सिटालोप्राम घेते. त्या डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नाही. आता आम्हाला मूल हवंय. पण हे सगळं बंद करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पावडर सोडली तर आमच्यात काय उरेल?

ता. क. तो म्हणतो, भांग कायदेशीर आहे, आपण भांगेवर येऊ. अगंतुगं केलंत तरी चालेल.

— एक वाचक, पुणे

*

तू म्हणतेस तर अगंतुगंच करते.

आधी ती सॉर्बिट्रेट. दिली नाहीस ते फार बरं झालं. कुणाच्या छातीत कळ आली की घरातल्या हार्ट पेशंटची गोळी काढायची आणि जिभेखाली ठेवायची, हे आपल्याकडे अंगवळणी पडलंय. पण त्या रात्री तुझ्या नवऱ्याच्या पोटात निळी गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल होती. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ शरीरात वाढवते आणि सिल्डेनाफिल तोच पदार्थ मोडू देत नाही. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस जागेवरून उठायच्या आत बेशुद्ध पडतो, आणि प्रसंगी दगावतोही. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल (याच जातीची दुसरी गोळी) घेतल्यावर ४८ तास या गटातलं, म्हणजे नायट्रेटचं, कुठलंही औषध चालत नाही. पार्ट्यांमध्ये हुंगायला छोट्या बाटल्या फिरतात, ज्यांना पॉपर्स म्हणतात, त्यातही नायट्राइटच असतं. निळ्या गोळीबरोबर तेही तितकंच घातक.

गंमत म्हणजे सिल्डेनाफिलचा जन्म हृदयरोगासाठीच झाला. इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझरच्या प्रयोगशाळेत ते अंजायनावरचं औषध म्हणून तपासत होते. छातीच्या दुखण्यावर ते फारसं चाललं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम कळवला, आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला आज ज्यासाठी ओळखतात त्या कामासाठी मंजुरी मिळाली. तेव्हा ही गोळी रक्तवाहिन्यांची आहे, 'पॉवर'ची नाही. आपल्याकडे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसते. मेडिकलवाले विकतात हा भाग वेगळा.

यापुढे त्याला धडधड, छातीत दुखणं, अंगाची तलखी, बडबड, झटके, यातलं काहीही झालं तर 'होईल कमी' हे ऐकायचं नाही. १०८ ला फोन कर. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच: एमडी घेतली आहे, सिल्डेनाफिल घेतली आहे, दारू इतकी, वेळ अमुक. तिथं ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, कारण या एका वाक्यावर कुठलं इंजेक्शन द्यायचं आणि कुठलं टाळायचं हे बदलतं.

आता एमडी. मेफेड्रोन. २०१५ च्या फेब्रुवारीत ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, म्हणजे एमडी पुण्या-मुंबईला काही नवी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभ एमआयडीसीत पोलिसांनी छापा घातला आणि शेकडो किलोंच्या बातम्या आल्या, तेव्हा बऱ्याच लोकांना कळलं की ही पावडर परदेशातूनच येते असं नाही, दौंड तालुक्यातल्या केमिकलच्या कारखान्यातही बनते. त्या पुडीत काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, मग तुझ्या नवऱ्याच्या मित्राची काय कथा. 'आमचा माल चांगला असतो' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता हसूही येत नाही.

ती करते काय? मेंदूतलं डोपामिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि सेरोटोनिन एकदम बाहेर सोडते. म्हणून इच्छा गगनाला भिडते, जिव्हाळा दाटून येतो, नवरा रडतो, सगळं सांगतो. पण त्याच नॉरअ‍ॅड्रिनलिनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पुढच्या वेळी (ती येऊ नये) त्याचा हात हातात घेऊन बघ, बोटं गार पडलेली असतात, जबडा आवळलेला असतो. लिंगाला ताठरता यायला नेमकं उलटं लागतं: शरीर निवांत आणि रक्तवाहिन्या सैल. म्हणजे मन म्हणतं चल आणि शरीर म्हणतं वाघ मागे लागलाय, पळ. मग तो गोळी घेतो. आता एक रसायन रक्तवाहिन्या आवळतंय आणि हृदयाला पळवतंय, दुसरं त्या सैल करतंय, आणि वर दारू असेल तर तीही. त्या रात्री त्याचं हृदय धडधडलं यात नवल काही नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एमडीचा अंमल तास-दोन तासांत उतरतो आणि उतरताना माणसाला इतकं भकास वाटतं की तो लगेच दुसरी लाइन ओढतो. त्यामुळे रात्र लांबते. तहान समजत नाही, दुखणं समजत नाही. योनी कोरडी पडते आणि तरी तासन्‌तास चालू राहतं. आतल्या नाजूक त्वचेला बारीक चिरा पडतात, तुला त्या वेळी कळतही नाहीत, आणि दोन-तीन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते. तुझी दोन इन्फेक्शन्स अशीच आली असावीत असा माझा कयास आहे. लघवीची कल्चर टेस्ट करून घे, अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नकोस.

आणि ती नोट. पाचशेची नोट गुंडाळून तीच सगळ्यांनी नाकाला लावायची, हेही होत असणार. एमडीने नाकाची आतली त्वचा सोलली जाते, नोटेच्या कडेला डोळ्यांना न दिसणारं रक्त लागतं, आणि त्यातून हेपॅटायटिस सी पसरू शकतो. त्यामुळे दोघांनीही एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या करून घ्या. मूल हवंय म्हणताय, तर तशाही लागणारच आहेत. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते, आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. ग्रुपमधल्या कुणाशी कधी 'त्या भरात' काही घडलं असेल, तर तू मला लिहिलं नसलंस तरी डॉक्टरांना सांग. असुरक्षित संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर २८ दिवसांची औषधं घेऊन एचआयव्हीची लागण टाळता येते, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं.

अशी नशा करून संबंध ठेवण्याला मोठ्या शहरांतल्या समलिंगी पुरुषांमध्ये केमसेक्स म्हणतात. त्यांच्यात काम करणाऱ्या संस्था त्यावर उघड बोलतात, धोके समजावून सांगतात. नवरा-बायकोच्या बेडरूमला मात्र कुणी हे नाव लावत नाही. लग्न झालेलं असलं की सगळं 'शनिवारची मजा' या सदरात जातं.

तुझ्या गोळीबद्दल. एस्सिटालोप्राम घेणाऱ्या बऱ्याच बायकांना, आणि पुरुषांनाही, लैंगिक सुखाच्या शेवटपर्यंत पोचायला फार वेळ लागतो किंवा पोचताच येत नाही. हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तू लिहितेस की काहीच न घेता मजा येत नाही, आणि त्याचं खापर स्वतःवर फोडतेस. मला तारखा जुळवून बघाव्याशा वाटतात: मजा जायला सुरुवात झाली ती गोळी सुरू झाल्यानंतर का? तसं असेल तर डोस किंवा औषध बदलता येतं. मात्र मनाने बंद करायची नाही, एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, एन्झायटी उसळून वर येते. याहून महत्त्वाचं म्हणजे एस्सिटालोप्राम आणि एमडी दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. एकत्र आल्या तर थरथर, घाम, ताप, स्नायू आखडणं, भ्रम, असं गंभीर दुखणं होऊ शकतं. तुझ्या डॉक्टरांना ते ठाऊक असायला हवं, कारण त्या गोळी लिहून देतात ती तू फक्त त्यांचीच गोळी घेतेस असं समजून. आणि एक सरळ प्रश्न त्यांनी तुला विचारला नसला तरी मी विचारते. ही एन्झायटी आधी आली, की शनिवार सुरू झाल्यावर? रविवार-सोमवार मरगळ आणि बुधवारपर्यंत छातीत धस्स होत राहणं, हा एमडी उतरतानाचा नेहमीचा आठवडा आहे.

गांजाबद्दल मी तुला खोटं सांगणार नाही, कारण तू मला सांगितलेलं नाहीस. थोड्या मात्रेत गांजाने अनेकांना, त्यातही अनेक बायकांना, मोकळं वाटतं, स्पर्श जास्त जाणवतो, वेळ लांबल्यासारखा वाटतो. त्या वाटण्याला आधार आहे: मेंदूचा वेळेचा अंदाज बिघडतो आणि काळजी करणारी यंत्रणा मंदावते. मात्रा वाढली की तेच उलटतं. कुणाला भीती दाटते, कुणाचं अंग सुस्तावतं, कुणाची इच्छाच विरते. आणि जॉइंटमध्ये गांजाबरोबर सिगारेटची तंबाखू भरतात ती कुणी मोजतच नाही. ताठरतेच्या तक्रारीत तंबाखूचा वाटा जुना आणि सिद्ध आहे. 'मी सिगारेट ओढत नाही' म्हणणारे कित्येक जण शनिवारी अशा तीन-चार ओढून झालेले असतात.

तरीही गोव्यातल्या त्या रात्री गांजाने तुला काही नवं दिलं असं मला वाटत नाही. त्याने तुझी लाज काही तास बाजूला ठेवली. ज्या बाईला चोवीस-पंचवीस वर्षं 'नीट बस, पदर सांभाळ' एवढंच शिकवलं, तिला लग्नाच्या रात्रीपासून अचानक मोकळं व्हायला सांगतात. ती होत नाही. मग एक धूर येतो आणि होते. श्रेय धुराला जातं. मोकळी झालेली बाई तूच होतीस की.

आता ते वाक्य, जे तू पत्रात पटकन लिहून पुढे गेलीस: मला नको होतं, तो म्हणाला थोडी घे, घेतल्यावर मीही तयार झाले. 'नको' पुसायला पावडर वापरली तर मागून आलेल्या 'हो'ला होकार म्हणता येत नाही. नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय हेच कळत नसेल तर त्या संमतीला आपला कायदाही संमती धरत नाही, फक्त सज्ञान पत्नीच्या बाबतीत तोच कायदा नवऱ्याला अपवादात बसवतो, आणि मला तो अपवाद मान्य नाही. तुझा नवरा वाईट माणूस आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण हे त्याला दिवसाढवळ्या, कोऱ्या डोक्याने सांगायला हवंस: मी नको म्हटलं की विषय तिथं संपतो, त्यावर पुडी काढायची नाही. तो कसा ऐकतो, यावरून पुढच्या पुष्कळ गोष्टी कळतील. त्याने उडवून लावलं किंवा तो अंगावर आला, तर मग प्रश्न पावडरचा उरत नाही. अशा वेळी आईकडे किंवा मैत्रिणीकडे जा आणि तिथून मला लिही.

मुलाचं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर प्रवासाचे काही. आज त्याने सगळं थांबवलं तर तीन महिन्यांनंतरचं वीर्य हे या सवयीबाहेरचं असेल. गांजाबद्दल अभ्यास दोन्हीकडचे आहेत: २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या १,२१५ तरुणांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदापेक्षा जास्त ओढणाऱ्यांमध्ये शुक्राणूंचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी दिसलं, तर २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात पूर्वी कधी ओढलेल्यांत ते उलट जास्त निघालं. मी स्वतः डॅनिश आकड्याकडे बघून सल्ला देते, कारण शनिवारबरोबर आणखी एखाद्या दिवशी ओढत असेल तर तुझा नवरा त्याच गटात बसतो. तुझ्या बाजूने मात्र वाद नाही. गरोदरपणात गांजा वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. तेव्हा दिवस राहण्याआधीच बंद. हे तीन महिने कंडोम वापरा, आणि कोरडेपणासाठी त्यावर खोबरेल तेल लावू नका, तेलाने लॅटेक्स फाटतं. मेडिकलमध्ये पाण्याच्या बेसचं जेल मिळतं, ते घ्या. याच काळात त्याची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि ईसीजी करून घ्या, शेवटी वीर्यतपासणी. सकाळी जाग येताना त्याला ताठरता असते का, हे विचार. असेल तर शरीर बहुधा ठीक आहे आणि अडचण 'जमेल का' या परीक्षेच्या भीतीची आहे.

बंद केल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस वाईट जातात. झोप बिघडते, चिडचिड होते, शनिवारी संध्याकाळी हात शिवशिवतात. त्या संध्याकाळी घरी बसू नका आणि त्या ग्रुपमध्ये तर नाहीच. मन फार खचलं, जगू नये असं वाटलं, तर टेलिमानस १४४१६, मराठीतही बोलतात. दोनदा ठरवून दोनदा मोडलं तर एकट्याच्या जिद्दीवर विसंबू नका. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. तेव्हा शहरात गर्दची (ब्राउन शुगरची) साथ होती, आज पुडीतला माल बदललाय. पोलिसांची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेव: सेवन हाही गुन्हा आहे हे खरं, पण व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट देणारं ६४ अ हे कलम त्याच कायद्यात आहे.

राहिला तुझा मुख्य प्रश्न, काय उरेल. सुरुवातीला फार थोडं, आणि ते अवघडलेलं. मी जोडप्यांना एक जुनी पद्धत देते, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांची. काही आठवडे संभोग बंद, ठरवून बंद. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, दार लावून, फोन बाहेर. एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने फक्त काय बरं वाटतं ते सांगायचं, मग अदलाबदल. पहिल्या टप्प्यात छाती आणि लैंगिक अवयव वगळून. ताठरता आली तरी काही करायचं नाही, नाही आली तरी काही बिघडत नाही. परीक्षाच रद्द केली की बऱ्याच पुरुषांची भीती उतरते. तुला बोलायला लाज वाटली तर दिवा मालव, पण बोल. एमडीच्या अमलात त्याने जे तुला सांगितलं, रडला, त्यातलं एखादं तरी त्याला कोऱ्या डोक्याने विचार. सासरे-सासू घरी असतील तर त्यांच्या संध्याकाळच्या फेरीची वेळ बघा, याला रात्रच हवी असं कुठं लिहिलेलं नाही. आणि तीन-चार आठवड्यांनंतरही अडलं तर सेक्सॉलॉजिस्टकडे दोघांनी मिळून जा. भिंतीवर 'गुप्तरोग' लिहून जाहिरात करणारे नकोत, एमबीबीएसनंतर मानसोपचार किंवा तत्सम पदवी असलेले बघा.

भांगेचं सांगते. भांगेची पानं एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत एवढ्यापुरतं नवरोबांचं बरोबर. पण झाड तेच आणि नशा करणारं रसायनही तेच, त्यामुळे गांजाबद्दल वर लिहिलेलं सगळं तिला लागू. शिवाय पोटातून घेतलेली भांग चढायला तास-दीड तास लागतो, तोवर 'काहीच झालं नाही' म्हणत माणूस दुसरा पेला घेतो, आणि मग रात्रभर उतरत नाही. मूल हवं असेल तर तीही नको. त्याला हे उत्तर वाचायला दे, आणि सॉर्बिट्रेटचा परिच्छेद सासऱ्यांनाही वाचून दाखव. कारण सांगायची गरज नाही. आपली गोळी दुसऱ्या कुणाला, अगदी मुलालाही, परस्पर द्यायची नाही, एवढं त्यांनाही ठाऊक असू दे.